बारकीसाठी प्रार्थना

फोन लागला आणि पडद्यावर एकदम सगळं घरच दिसलं. एरवी सोमवारी फोनवर आई असायची. पप्पा मागून "तब्येत कशी आहे?" एवढं विचारून पुन्हा वर्तमानपत्रात शिरायचे, वहिनी स्वयंपाकघरातून ओला हात हलवायची, झालं. आज दिवाणावर आई, तिला खेटून आत्या, समोर खुर्चीत पप्पा, आणि या वेळी कामावर असायला हवा तो दादा चक्क भिंतीला टेकून उभा. सगळे फोटो काढायला बसल्यासारखे गप्प.

"कोण गेलं?" बारकीनं विचारलं.

"गेलं कोणी नाही," आत्या म्हणाली, "आणि तुलाही आम्ही जाऊ देणार नाही."

"मी कुठे चाललेय?"

"बघ, बघ कसा झालाय चेहरा," आत्यानं आईला कोपरानं ढोसलं. "गाल पार बसलेत पोरीचे."

"आत्या, खिडकी मागे आहे माझ्या. उजेड मागून येतोय."

"उजेडाचं मला सांगू नकोस."

सोमवार हा बारकीचा सुट्टीचा वार. सुट्टी म्हणजे नावाला. आठवडाभर देवाचं सांगायला लोकांच्या दारात उभं राहायचं आणि सोमवारी कपडे, फरशी, बाजार आणि घरचा फोन उरकायचा. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दोन खाटा, एक टेबल, एक शेगडी, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी. दोरीवर मोजे आणि काळे स्कर्ट. खाली गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती ती लंबी, म्हणजे बारकीची जोडीदारीण. मिशनचा नियम असा की सेवेला आलेल्यांनी जोडीनंच राहायचं, जोडीनंच फिरायचं, एकटीनं कोपऱ्यावर पावसुद्धा आणायला जायचं नाही. लंबी आणखी तिसऱ्याच देशाची. तिला मराठीचा म येत नव्हता आणि बारकीला तिची भाषा येत नव्हती, त्यामुळे दोघी या परक्या देशाच्याच मोडक्यातोडक्या भाषेत बोलायच्या. भांडायच्याही त्याच भाषेत. भांडण रंगात यायच्या आत दोघींचे शब्द संपायचे आणि नाइलाजानं हसावं लागायचं.

पप्पांनी घसा खाकरला. ते चर्चच्या मंडळीत पंच होते आणि घरातही पंचासारखंच बोलायचे. "हे बघ बाळा, मी मिशनच्या सेक्रेटरीसाहेबांशी बोललोय. त्यांनी परवानगी दिली आहे. शुक्रवारचं विमान आहे. आजपासून सामान आवरायला घे."

"पण का?"

"का म्हणजे? एवढं आजारपण अंगावर काढायचं नसतं."

"आजारी कोण आहे?"

पडद्यावरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दादा भिंतीपासून सुटून पुढे आला. "तू आजारी नाहीस?"

"मला शिंकसुद्धा आलेली नाही!"

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. "मी म्हणत होते की नाही? मी बुधवारीच म्हणत होते!"

"तू आत जा," दादा म्हणाला.

"का म्हणून? ऐकू दे तिला." वहिनी चांगली पुढे येऊन बसली, आणि मग बारकीला सगळा उलगडा झाला.

झालं होतं असं. मागच्या सोमवारी फोनवर बोलता बोलता बारकीला रडू आलं होतं. आत्यानं ते पाहिलं आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत उभं राहून विनंती केली, आमच्या बारकीसाठी प्रार्थना करा, पोर परदेशात रडत होती. इथपर्यंत ठीक. पण पुढच्या बाईनं प्रार्थना करताना, बिचारी रडत होती म्हणजे अंगात ताप असणार, असं धरून देवाला तिचा ताप उतरवायला सांगितलं. तिच्या शेजारणीनं तापाबरोबर अशक्तपणा घेतला. कोणी डोळे मिटून देवाशी बोलत असताना मध्येच उठून "अहो, तसं नाही हो" म्हणायची आपल्यात पद्धत नाही. त्यामुळे ताप तसाच राहिला. शुक्रवारी महिला मंडळाच्या उपासाच्या दिवशी बारकीला अन्नपाणी जाईनासं झालं, आणि रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं की परदेशी सेवेत असलेली आपली कन्या अत्यवस्थ आहे. त्यावर सगळी मंडळी उभी राहिली. पप्पाही राहिले. घरी येऊन त्यांनी सेक्रेटरीसाहेबांना फोन लावला.

"तुम्ही मलाच फोन का नाही केलात?" बारकी ओरडली.

"सोमवारशिवाय करायचा नाही, हा तुमचाच नियम ना?" पप्पा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मी तापाचं नाव काढलं नव्हतं हं," आत्या म्हणाली. "मी फक्त रडली म्हटलं. आणि रडली होती. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"आता मंडळीत काय तोंड दाखवू मी?" पप्पा म्हणाले. "काय सांगू लोकांना?"

"सांगा की प्रार्थनेनं बरी झाली," दादा म्हणाला. "सगळे खूश होतील."

"थट्टा नकोय मला." पप्पांनी चष्मा काढून पुसला. "आजारी नसेल तर प्रश्नच मिटला. दोन वर्षं म्हणून सगळ्यांसमोर शब्द दिलाय. शब्द पाळायचा. मी कळवतो त्यांना."

"वा! म्हणजे हो म्हणायलाही तुम्हीच आणि नाही म्हणायलाही तुम्हीच," दादा म्हणाला. दादाला ती जाऊच नये असं पहिल्यापासून वाटत होतं, ती जाताना तो स्टेशनवरसुद्धा धड बोलला नव्हता. "आजारी नाही, हे चांगलंच झालं. पण आलेलं विमान कशाला सोडायचं? बारके, खरं सांग, इतके महिने तिथे काय दिवे लावलेस? किती माणसं येतात तुमच्याकडे?"

"रविवारी सात जण असतात."

"सात!"

"त्यातले दोघं सभागृहात ऊब असते म्हणून येतात," बारकीनं खरं ते सांगून टाकलं.

दादाला हसू फुटलं. पप्पांना नाही. आई पडद्याच्या अगदी जवळ आली, इतकी की तिचं नाक आणि एक डोळाच दिसायला लागला.

"तू रडत का होतीस गं?"

"दूध उतू गेलं होतं, आई. सांगितलं ना तुला."

"दुधासाठी रडणारी नाहीस तू."

आई बरोबर बोलत होती. दूध खरंच उतू गेलं होतं. पण त्याआधीच्या शनिवारी दिवसभर एका इमारतीत तळापासून गच्चीपर्यंत एकही दार उघडलं नव्हतं. रोजचं तेच. पहाटे उठायचं, प्रार्थना करायची, मग परक्या भाषेचा धडा गिरवायचा, छातीवर नावाची पट्टी लावायची आणि जिने चढायला लागायचं. बेल वाजवली की आत रेडिओचा आवाज बारीक व्हायचा. दाराच्या भिंगातून डोळा दिसायचा. मग काही नाही. त्यांच्याच इमारतीतली, खालच्या मजल्यावरची एक बाई तर त्यांची पावलं ऐकूनच आतून कडी घालायची, खाडकन, ऐकू जाईल अशी. दोघींनी तिचं नावच कडीवाली ठेवलं होतं. या सगळ्याला बारकी आता विटली होती. मी इथे आले काय आणि नाही आले काय, कोणाचं काही अडलेलं नाही, हे तिच्या मनानं घेतलं होतं, आणि मागच्या सोमवारपासून ते निघता निघत नव्हतं.

आणि इथे ताटात वाढून समोर आलं होतं. नुसतं "हो, थोडं बरं वाटत नाही" म्हणायचं होतं. पळून आली असं कोणी म्हटलं नसतं. साऱ्या मंडळीनं उभं राहून तिला आधीच माफ केलं होतं! शुक्रवारी विमान, शनिवारी आईच्या हातचं जेवण. फक्त एक होतं. जोडी मोडली की घर बंद. बदली यायला कोणी नव्हतं, म्हणजे लंबीला दुसऱ्या गावी कुठल्यातरी अनोळखी मुलीबरोबर पाठवणार, आणि ही खोली, ते सात जण, सगळं आवरलं जाणार. लंबीला यातलं काहीच कळलेलं नव्हतं. ती फरशी पुसत टेबलाखाली आली आणि बारकीचे पाय एकेक करून उचलून खालून फडकं फिरवायला लागली.

"आई..." बारकी म्हणाली, आणि दार वाजलं.

दोघी दचकल्याच. दुसऱ्यांची दारं वाजवायचं काम त्यांचं. त्यांचं दार आजवर कोणी वाजवलेलं नव्हतं. लंबीनं फडकं टाकून दार उघडलं. समोर कडीवाली. पायात घरातल्या सपाता, केस सुटलेले, धाप लागलेली.

"माझे वडील पलंगावरून खाली घसरलेत," ती म्हणाली. "मला उचलत नाहीत. सगळे कामावर गेलेत. तुम्ही दोघी आहात. तुम्ही नेहमी दोघीच असता."

"आई, आलेच!" म्हणून बारकीनं फोन टेबलावर आडवा टाकला आणि जिना गाठला.

कडीवालीच्या घरात मलमाचा वास होता. म्हातारबाबा पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत अडकले होते. चांगला आडव्या हाडाचा माणूस, एके काळी बस चालवायचा. पलंगाखाली तोंड करून पडले होते आणि कोणाकडे बघत नव्हते. लंबीनं पाय धरले, बारकीनं खांदे. पहिल्यांदा उचललं तर जेमतेम वीतभर वर आले आणि पुन्हा खाली. दुसऱ्यांदा बारकीच्या पाठीत अशी सणक आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिसऱ्यांदा कडीवालीनं मधून हात घातला आणि तिघींनी मिळून त्यांना कसंबसं गादीवर लोटलं. तिघीही पलंगाच्या कडेला धापा टाकत बसल्या.

म्हातारबाबांनी मान वळवली. "या त्याच का? देवाचं सांगणाऱ्या?"

"त्याच," कडीवाली म्हणाली.

"मग सांगत का नाहीत?"

"दम लागलाय त्यांना, बाबा."

म्हातारबाबा हसले. बारकीलाही हसू आलं. कडीवालीनं पाणी आणून दिलं आणि ग्लास परत घेताना खाली बघत बोलली. वडिलांना एकाच कुशीवर पडून पाठीला जखम व्हायला लागलीय. रोज कूस बदलायला पाहिजे, वर सरकवायला पाहिजे, आणि तिला एकटीला होत नाही. "उद्या याल का? देवाचं नंतर बघू. आधी एवढं कराल का?"

"येऊ," लंबी म्हणाली. "उद्या. परवा. रोज."

बारकी उठून दाराकडे वळली.

जिन्यात लंबीनं तिला अडवलं. "तुझ्या घरी काय झालं? कोण मेलं?"

"कोणी नाही." तिच्याजवळ होते तेवढे शब्द बारकीनं गोळा केले. "मी घरी जाते. शुक्रवारी. वडील म्हणाले. घर बंद. तू दुसऱ्या गावी."

लंबी मटकन पायरीवर बसली. मग म्हणाली, "तुला जायचं आहे?"

आता बघा, घरातल्या एवढ्या माणसांनी एवढा वेळ डोकं फोडलं, पण हा साधा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. बारकी तिच्या शेजारी बसली. "सकाळी हो होतं," ती म्हणाली. "खूप हो होतं."

"सकाळी माझंही हो होतं," लंबी म्हणाली. "सोमवारी नेहमी असतं. मी फरशी पुसते. मग दुपारी कमी होतं."

बारकी तिच्याकडे बघतच राहिली. इतके महिने एका खोलीत झोपून तिला याचा पत्ता नव्हता. ही एवढी उंच, खमकी मुलगी दर सोमवारी आपल्यासारखीच आतून रडवेली होते आणि फडकं घेऊन बसते! बारकीला एकदम तिची फार माया आली. तिनं लंबीचा ओला, साबणाचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघी तशाच वर आल्या.

फोन चालूच होता. मधल्या वेळात काय झालं ते बारकीला पुढे वहिनीकडून कळलं. घरच्यांना पडद्यावर नुसतं छत दिसत होतं, दोरी आणि मोजे. कोण आलं, पोर कुठे पळाली, काही कळेना. आत्यानं घाबरून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली, तर दादा म्हणाला, "आत्या, आता नको, आणखी काहीतरी वाढेल." मग पप्पा दादावर चिडले, दादा पप्पांवर. आई एकटी मोजे बघत होती. मध्येच म्हणाली, "सगळे रफू केलेत. हिला रफू कधीपासून यायला लागलं?"

बारकीनं फोन उचलला आणि खाली घडलेलं सगळं एका दमात सांगितलं. मग न थांबता पुढचंही सांगितलं, थांबली असती तर जमलं नसतं. "आई, मी दुधासाठी नाही रडले. कोणी दारच उघडत नाही म्हणून रडले. मला घरी यायचं होतं. आज तुम्ही विमान म्हणालात ना, तेव्हा मी हो म्हणणारच होते, आजारी आहे म्हणून खोटंसुद्धा बोलणार होते."

"होतं म्हणजे?" आईनं विचारलं. "आता नाही?"

"अजून थोडं आहे," बारकी म्हणाली. "पण उद्या त्यांची कूस बदलायचीय, आणि त्याला दोघी लागतात. मी राहते, आई."

"राहा," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी चमकून आत्याकडे पाहिलं. आईनं तर दिवाणावरून जरा सरकूनच पाहिलं. "वन्सं, तुम्ही? आठवडाभर तुम्हीच माझ्या डोक्याशी बसला होतात ना, परत आणा, परत आणा म्हणून?"

"बसले होते." आत्याला ऐन तरुणपणी अशाच कामाला जायचं होतं, बॅग भरून झाली होती, आणि आजीनं अंथरूण धरलं म्हणून ती राहिली ती कायमचीच, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. "मला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. हिला आत्ता आपण विचारलंय. मग उत्तर ऐकायला नको?"

पप्पांनी हळूच मान हलवली. दादा भिंतीकडे बघायला लागला. वहिनी एकटीच बारकीकडे बघून हसली. पण घरातला शेवटचा शब्द आईचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं पदरानं एकदा डोळे पुसले, नाक पुसलं.

"कसं उचललंत त्यांना?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे कुठे धरलंत?"

"मी खांद्याला. हिनं पायाला."

"वेड्या की काय तुम्ही!" आई अशी कडाडली की पलीकडे लंबीनंही मान वर केली. "माणूस आहे का धान्याचं पोतं? कमरेतून गेलात तर तुम्हालाच कोणीतरी उचलावं लागेल. आजोबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी काय त्यांना खांद्याला धरून ओढत होते? चादर घे. जाड. दुहेरी घाल."

"आई, म्हणजे मी राहू?"

"चादर घे म्हटलं ना!"

बारकीनं चादर घेतली. दोघींनी दोन उशा आणि जाड रजई गुंडाळून खाटेवर एक म्हातारा तयार केला. तिकडे दादाला दिवाणावर आडवं व्हायला लावलं. तो कुरकुरला, पण झाला. "खांद्यापासून मांडीपर्यंत चादर अंगाखाली सरकवायची," आई सांगत होती. "एकीनं या बाजूनं, एकीनं त्या बाजूनं. कड अंगाजवळ घट्ट गुंडाळून धरायची. गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. अहो, तुम्ही तिकडून धरा. वन्सं, तुम्ही फोन नीट धरा, पोरींना दिसलं पाहिजे." आणि मंडळीच्या पंचांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मुलाला चादरीत धरून वर सरकवलं.

"सेक्रेटरीसाहेबांना काय सांगू?" पप्पांनी धापा टाकत विचारलं.

"खरं ते सांगा," आई म्हणाली.

"आणि मी बुधवारी?" आत्या म्हणाली.

"सांगा, एका म्हाताऱ्या माणसाच्या पाठीसाठी प्रार्थना करा. आणि एवढंच सांगून खाली बसा."

"नाहीतर रविवारपर्यंत तो बिचारा गेलेला असेल," दादा चादरीतून म्हणाला.

लंबीला शब्दन्‌शब्द परका होता, पण आईचे हात तिला नीट कळत होते. ती गुडघ्यात वाकली, कड गुंडाळली, बारकीकडे बघून मान हलवली, आणि रजईचा म्हातारा एका दमात उशाकडे सरकला. दोघी आनंदानं ओरडल्या. मग त्याला कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी लावली, दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी छोटी उशी. आईनं ते पुन्हा करून घेतलं, आणि पुन्हा.

"जमलं, आई," बारकी म्हणाली.

"अजून नाही. आता जागा बदला," आई म्हणाली. "तिलाही दोन्ही बाजू आल्या पाहिजेत. तुझी दोन वर्षं झाली की तू घरी येशील. तिच्याबरोबर नवी येईल, तिला कोण शिकवणार?"